एक गुंठा पाखरांचा

आमचं शेत जळगाव जिल्ह्याच्या पारोळा तालुक्यात, बोरी नदीकडे उतरत जाणारं. त्याच्या एका कोपऱ्यात तीन गुंठ्यांची तिरपी जागा आहे. ट्रॅक्टर तिथे वळत नाही आणि कापूस कधी धड आला नाही. चार वर्षांपूर्वी नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती मला देऊन टाकली. "तुले जे लावनं शे ते लाव," म्हणाले. त्यांना वाटलं मी मेथी-कोथिंबीर लावेन. मी ज्वारी, बाजरी आणि राळा (बारीक दाण्याचं भरडधान्य) पेरला, आणि कणसं भरल्यावर कापलीच नाहीत. शेजारचे बापू बांधावर उभं राहून म्हणाले, "काय वं पोरी, पाखरेसनी शेती करी ऱ्हायनी का?"

हो बापू, तेच.

नानांच्या उमेदीच्या काळात आमच्याकडे रब्बीला दादर, म्हणजे हिवाळी ज्वारी, असायची. माळ्यावर बसून पोरं गोफण फिरवायची आणि हाकलूनही पाखरं पोट भरूनच जायची. आता पावसाळ्यात कापूस आणि मका, आणि जिथे पाणी तिथे केळी. कापसाच्या बोंडात चिमणीला टिपायला काही नसतं. दाणा खाणाऱ्या पाखरांसाठी मुद्दाम थोडं उभं ठेवायचं, एवढाच हा उद्योग. शेती कधीच न केलेल्या माणसालाही एक गुंठा जमतो. माझे कष्ट बहुतेक चुकांपायी गेले, त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहिते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. इंटरनेटवर असे तुकडे पेरायचे परदेशी व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातले बरेचसे हरणं जवळ यावीत आणि टिपता यावीत म्हणून केलेले असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. शिवाय रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर शेतात यावेत असं खानदेशातल्या एकाही शेतकऱ्याला वाटत नाही. म्हणून आपला गुंठा लहान दाण्याचा आणि पाखरांपुरता. पहिल्या वर्षी मी हौसेने कडेला मक्याच्या दोन ओळी लावल्या. कणसात दूध भरलं आणि एका रात्रीत डुकरांनी मका, शेजारची बाजरी आणि दोरीचं कुंपण असं सगळं लोळवलं. तेव्हापासून मका, भुईमूग, ऊस, रताळी या जागेत वर्ज्य. डुक्कर ज्वारीतही येऊ शकतं, पण मक्यासारखं निमंत्रण देऊन नाही.

जागा

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. पहिल्या वर्षी याहून जास्त घेऊ नका, निंदणीला हात पुरत नाहीत.

पाणी साचणारा खोलगट भाग टाळा, काळ्या जमिनीत बाजरी उभ्याने पिवळी पडते. विजेच्या तारांखाली नको. रस्त्याला लागूनही नको. पंधरा-वीस पावलांवर बाभूळ, बोर किंवा निंब असेल तर उत्तम. शिकरा हा शिकारी पक्षी आला की मुनियांचा थवा एका झेपेत आत शिरतो. झुडूप मात्र अगदी चिकटून नको, त्यात मांजर दबा धरतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी. त्यांच्या ज्वारी-बाजरीच्या बांधाला लागून हा तुकडा करू नका. पाखरं कडेकडेने खातात, आणि भांडण पाखरांशी होत नाही, तुमच्याशी होतं. शेजाऱ्याच्या कापसावर फवारणी होत असेल तर वारा कोणत्या बाजूने येतो ते बघा आणि फवाऱ्यापासून लांबची बाजू धरा. मी आधी बापूंना विचारलं नव्हतं. सप्टेंबरात त्यांच्या बाजरीवर चिमण्या बसल्या की ते मोठ्याने म्हणायचे, "तिकडून आल्या." पुढच्या वर्षी तुकडा विहिरीकडे सरकवला, तेव्हा बोलणं थांबलं.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल किंवा अनेर अभयारण्याच्या कडेला शेत असेल तर पेरण्याआधी वनरक्षकाशी बोला. तिथे दाण्यामागे कोण कोण येईल याचा हिशेब वेगळा आहे.

हत्यारं

कुदळ, फावडं, खुरपं, विळा, पाटी आणि पन्नास फुटांची सुतळी. सायकलच्या चाकाचं हातकोळपं गावात कोणाकडे असेल तर दोन दिवस मागून आणा, कंबर वाचते. बैलजोडीवाला ओळखीचा असेल तर वखराच्या दोन पाळ्या मारून घ्या, तासाभराचं काम आहे. तसं कोणी नसेल तर कुदळीने एक गुंठा तीन सकाळींत खणून होतो. मेमध्ये खणायला जाऊ नका. काळ्या मातीला तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि ढेकळं दगडासारखी असतात. वळवाचा एखादा पाऊस पडून जाऊ द्या. ढेकळं आपोआप विरघळतात, मग कुंदा आणि हराळीच्या मुळ्या वेचून बाहेर फेका. या मुळ्या राहिल्या तर पुढचं सगळं काम दुप्पट. याच वेळी ५० किलोच्या आसपास कुजलेलं शेणखत पसरा. रासायनिक खताची गरज नाही, आपल्याला पीक किती आलं ते मोजायचं नाही.

बियाणं, आणि गुलाबी दाण्याची गोष्ट

पहिल्या वर्षी घरात संकरित ज्वारीची अर्धी पिशवी शिल्लक होती. दाणे छान गुलाबी. मी ते ओंजळीत घेऊन फेकायच्या बेतात होते, तेवढ्यात नाना ओरडले. दुकानातल्या बियाण्याला बुरशीनाशक, कधी कीटकनाशक चोळलेलं असतं, आणि ते ओळखू यावं म्हणूनच त्याला रंग देतात. उघड्यावर पडलेला तसा दाणा टिपला की होला किंवा तितर मरू शकतो. पाखरांना जेवायला बोलवायचं आणि ताटात विष वाढायचं, असं झालं असतं.

तेव्हा रंगीत बियाणं नको. घरच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या कोठीतली गावरान ज्वारी-बाजरी घ्या. राळा आता आमच्या बाजारात सहज दिसत नाही. पिंजऱ्यातल्या पाखरांच्या खाण्याच्या दुकानात तो 'कांग' नावाने मिळतो. तो किती जुना असेल याचा नेम नाही, म्हणून उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं ओलसर ठेवा आणि चौथ्या दिवशी उघडा. सत्तरच्या वर मोड आले तर निर्धास्त पेरा. पन्नासच आले तर दाणा दीडपट घ्या. त्याहून कमी असतील तर तो भिंतीवर ठेवा, चिमण्या खातील.

बाजरीला मात्र मिठाच्या पाण्याची अंघोळ घाला. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवा, बाजरी टाकून ढवळा. अरगट रोगाच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळून टाका. तळाचे दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. अरगटाची बाजरी माणसाला आणि जनावराला बाधते, ती पाखरांपुढे मुद्दाम कशाला ठेवायची.

आता प्रमाण. सगळा गुंठा ज्वारीचा केला तर १०० ग्रॅम दाणे लागतात, बाजरीचा केला तर ४० ग्रॅम. मी तिन्ही घेते: ४० ग्रॅम ज्वारी, १५ ग्रॅम बाजरी, २५ ग्रॅम राळा. एका चहाच्या कपात मावतं. तेवढंच अजून नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला बाजूला ठेवा. शिवाय सूर्यफुलाच्या तीसेक बिया.

पेरणी

मृगाचा पहिला पाऊस झाला की हात शिवशिवतात. थांबा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नये, हा कोरडवाहूचा नियम पाखरांच्या शेतीलाही लागू आहे. पर्जन्यमापक नसेल तर खुरप्याने खड्डा करून बघा, ओल वीतभर खाली गेलेली हवी. मग वाफसा, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर झाली का, ते बघा. मूठभर माती दाबून लाडू करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. फुटून पसरला तर पेरा. थापटीसारखा चिकटून बसला तर दोन दिवस घरी बसा.

पहिल्या वर्षी मी सगळं एकत्र कालवून मुठीने फोकलं. पंधरा दिवसांनी शेत हिरवंगार झालं आणि मी त्यात उकिडवी बसून रडकुंडीला आले. राळ्याचं रोप कोवळेपणी हुबेहूब गवतासारखं असतं. मी अर्धा राळा निंदून टाकला आणि गवत जपलं.

म्हणून ओळीतच पेरा. दोन खुंट्यांना सुतळी ताणून तिच्या कडेने खुरप्याच्या टोकाने चर ओढा. ज्वारी आणि बाजरीच्या दोन ओळींत दीड फूट अंतर, राळ्याच्या ओळींत एक फूट. ज्वारी उत्तरेच्या बाजूला घ्या, म्हणजे तिची सावली बुटक्या राळ्यावर पडत नाही. माझा हिशेब असा: उत्तरेकडून ज्वारीच्या आठ ओळी, मग बाजरीच्या आठ, उरलेल्या नऊ फुटांत राळा. पश्चिमेच्या कडेला सूर्यफूल, फुटाफुटावर एक बी.

ज्वारी बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, बाजरी एका पेराएवढी, राळा त्याहूनही वर. राळ्याचे दाणे चिमटीत नीट धरवत नाहीत, म्हणून त्यात चौपट कोरडी बारीक रेती मिसळा आणि ते मिश्रण चरात सोडा. वरून माती लोटून पायाने हलकं दाबा. काही मुंग्या नेतील. त्याही वन्यजीवच.

सगळं एकाच दिवशी पेरू नका. अर्ध्या ओळी आज, अर्ध्या पंधरा दिवसांनी. एकदम पिकलेला गुंठा पाखरं आठवड्यात फस्त करतात आणि मग महिनाभर काड्याच उरतात. मात्र पहिली पेरणी शेजाऱ्यांच्या बरोबरीने करा. फक्त तुमचीच कणसं लवकर भरली तर शिवारभरची पाखरं तिथे जमतील आणि तिथून बापूंच्या बाजरीत जातील.

पुढचे दोन महिने

दहा-बारा दिवसांत नांग्या भरा, दाट जागी विरळणी करा. ज्वारी-बाजरीच्या दोन रोपांत चवडाभर अंतर राहू द्या. तिसऱ्या आठवड्यात पहिली निंदणी, पाचव्यात दुसरी. त्यानंतर पिकाची सावली पडते आणि तुमचं काम बहुतेक संपतं. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटा, बाकीचं थोडं तण कडेला राहिलं तर राहू द्या. केन्याच्या फुलांवर लहान किडे येतात आणि ते पाखरांना हवे असतात.

इथे पुष्कळ जण गडबडतात. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळी दिसली की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पंप आणायचाच नाही. चिमणी, सुगरण दाणे खातात खऱ्या, पण पिलांना त्या किडे-अळ्याच भरवतात, आणि त्यांची वीण पावसाळ्यातही चालू असते. अळी मारली की पिलांचं जेवण गेलं. दोन-चार झाडं वाळली तर वाळू द्या. त्याऐवजी दोन काठ्या फुलीसारख्या बांधून पक्षीथांबे उभे करा, पिकाच्या वर हातभर येतील असे. माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी कोतवाल येऊन बसला आणि तिथूनच तो बापूंच्या कापसावर झेपा घालायला लागला. हा फायदा बापूंनी अजून कबूल केलेला नाही.

उंदीर दिसले तरी विषारी आमिष नको. विष खाल्लेला उंदीर पिंगळा (लहान घुबड) उचलतो आणि तोही जातो. पिंगळ्याच्या बाबतीत खानदेशाने थोडं जपूनच असावं. त्याच्याच जातकुळीतला रानपिंगळा शंभराहून अधिक वर्षं कुणाला खात्रीने दिसला नव्हता, आणि १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. शेतातला ठिपकेवाला पिंगळा वेगळा, पण उंदीर दोघांनाही लागतो.

गुरं आणि शेळ्या आत शिरू देऊ नका. नासधूस होते ती वेगळीच. कोवळी ज्वारी, त्यातही पावसाने ओढ दिल्यावर सुकलेली किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेली, जनावराला विषारी ठरते आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. कुंपण बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचं करा. मासेमारीची जाळी लावू नका, साप आणि मुंगूस अडकून मरतात. तारेत वीज सोडायचा विचारही नको. तो गुन्हा आहे आणि माणूस मरतो.

कणसं भरल्यावर

आता शांत बसायचं, आणि मला हेच जड गेलं. बाजरी अडीच-तीन महिन्यांत भरते, राळाही तेवढ्यातच, ज्वारी त्यानंतर. राळ्यावर मुनिया येतात. एक मुनिया ताटावर उतरते, ताट वाकतं, ती तशीच लोंबत कणसाच्या टोकाकडून दाणा काढते, चोचीत फिरवते आणि टरफल खाली सोडते. खाली टरफलांचा फिकट पिवळा सडा पडतो. पोपट उधळे. सूर्यफुलाच्या चाकाचा चतकोर खातात आणि बाकीचं पाडतात. पण पडलेलं वाया जात नाही. होले ताटावर चढत नाहीत, ते खालीच टिपतात. तितरही ओळींमधून पळत पळत खातात. म्हणून खालची जमीन झाडून साफ करू नका. सप्टेंबरच्या पावसाने ज्वारीची काही कणसं काळी पडतील, पडू द्या.

घरातली माणसं म्हणतील, एवढी छान बाजरी, निदान पाटीभर तरी कापून आणू. आमच्याकडे हे दरवर्षी होतं. मी दोन ओळी भाकरीसाठी आधीच वेगळ्या मोजून देते, म्हणजे बाकीच्या वाचतात.

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी प्रत्येक पिकाची पाच-सहा उत्तम कणसं निवडा. दाण्यात दूध भरायला लागलं की त्यांवर जुन्या सुती कपड्याची पिशवी चढवून सैल बांधा. सदऱ्याची फाटकी बाही यासाठी अगदी मापाची असते. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरून बुरशी येते.

फासे किंवा जाळं लावलेलं दिसलं तर स्वतः भांडत बसू नका. मुनिया आणि पोपट पकडणं, विकणं, पाळणं हे सगळं बेकायदा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

रब्बीची दादर आणि उन्हाळ्याचं पाणी

खरिपाचा दाणा दिवाळीपर्यंत संपतो. पाखरांची खरी ओढाताण त्यानंतर, विशेषतः फाल्गुन-चैत्रात. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी, बाजरी-राळ्याची रिकामी ताटं काढून, त्या जागी दादर पेरा. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती येते, पाणी द्यावं लागत नाही. भोरड्या, म्हणजे हिवाळ्यात बाहेरून थव्याने येणाऱ्या मैना, दादर भरते तेव्हाच शिवारात असतात. थवा आला की आभाळात काळी चादर झटकल्यासारखी दिसते. त्या उतरल्या तर दहा मिनिटांत निम्मी दादर जाते. चिडू नका, परतीच्या प्रवासाआधी त्यांनाही अंगात चरबी धरायची असते. दादरीतही दोन टप्पे करा, दहा दिवसांच्या अंतराने.

हरभरा लावणार असाल तर त्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळून पेरा. ती ताटं जिवंत पक्षीथांबे होतात आणि त्यांवर बसलेली पाखरं घाटेअळी वेचतात. यात शेतकऱ्याचा थेट पैसा वाचतो, म्हणून ही गोष्ट बापूंनी मात्र लगेच उचलली.

मार्चनंतर दाण्यापेक्षा पाणी मोलाचं. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. मातीचं पसरट भांडं सावलीत, उघड्या जागी ठेवा. पाणी दोन बोटंच खोल आणि मधे एक दगड, म्हणजे चिमणी बुडत नाही. रोज सकाळी पाणी ओतून टाका, भांडं काथ्याने घासा आणि ताजं भरा. शेवाळलेलं पाणी पाजण्यापेक्षा न ठेवलेलं बरं. गावाला जाणार असाल तर कोणाला तरी सांगून जा, कारण सवय झालेली पाखरं कोरड्या भांड्याभोवती घिरट्या घालत राहतात.

उभी राहिलेली ज्वारीची धसकटं आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, राहू द्या, त्यांच्या आडोशाला लावे बसतात. उपटण्याआधी ओळींमधून एकदा हळू चालून बघा. तितराची किंवा टिटवीची अंडी जमिनीवरच असतात आणि मातीच्या रंगात दिसत नाहीत. सापडली तर तेवढी जागा पिल्लं निघेपर्यंत तशीच सोडा. बाकीची धसकटं काढून तिथेच आडवी पसरा, जाळू नका. बियाण्याची कणसं चुलीच्या धुराच्या बाजूला आढ्याला टांगलेली असतील. ती मेच्या शेवटी उतरवून हातावर चोळा, पाखडा आणि शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात घाला.